सिमेंट कुठे थांबवायचं? आमच्या चिऱ्याच्या घराचा पाया ते माळा

कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, आमची जमीन आहे. तिथे घर बांधायचं ठरलं तेव्हा जो भेटेल तो एकच सल्ला द्यायचा. कॉलम उभे करा, स्लॅब टाका, पुढे मुलांना वर मजला चढवता येईल. आम्हाला मात्र घर शक्य तेवढं जवळच्या मालातून आणि कमीत कमी सिमेंटमध्ये हवं होतं. सिमेंट अजिबात नको, असा हट्ट नव्हता. पण भट्टीत चुनखडी १४५० अंशांच्या आसपास तापवली की इंधनाच्या धुराखेरीज त्या दगडातूनही कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा दगडातून सुटणारा वायूच सिमेंटच्या एकूण उत्सर्जनाचा निम्म्याहून मोठा भाग आहे. भट्टी कितीही सुधारली तरी तो टळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आम्ही हेच विचारत गेलो की इथलं काम सिमेंटशिवाय दुसरं कोणी करू शकतं का. उत्तर ‘नाही’ आलं तिथे सिमेंट वापरलं आणि ते चांगलं वापरलं. पायापासून माळ्यापर्यंत ते कसं जमलं, ते सांगते. छपराचं आणि गिलाव्याचं पुन्हा कधीतरी.

आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सासूबाईंना अजून आठवतो. घराला या दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. त्यामुळे घर साधं असलं तरी रत्नागिरीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशे करून घेतले. त्यांची फी हा आमचा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.

चर खणायला दिवाळीनंतर सुरुवात केली. सड्यावर वरून सगळा कातळ दिसतो, पण जांभ्याचा थर सगळीकडे सारखा नसतो. त्याच्याखाली मऊ, पांढुरकी माती असते आणि कधी ती अगदी वरपर्यंत आलेली असते. आमच्या मागच्या कोपऱ्यात पहार सहज आत गेली. इंजिनिअरांनी तिथे चर खोल घ्यायला लावला, कठीण थर लागेपर्यंत. गवंडी म्हणाले, “वहिनी, एवढी माती काढण्यापेक्षा वरून काँक्रीट जाड टाकू.” पण मऊ मातीवरचं जाड काँक्रीट हे खाली बसणारं जाड काँक्रीट. खोदाईची मजुरी वाढली, सिमेंट वाढलं नाही.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या कापीव ठोकळ्यांच्या, पण जमिनीखाली जांभा वापरला नाही. चिरा पाणी पितो, आणि सतत ओला राहिला तर त्याची ताकद उतरते. म्हणून चरात खाली पातळ पीसीसी, म्हणजे बिनसळीचं साधं काँक्रीट, आणि त्यावर काळ्या दगडाचं बांधकाम थेट जोत्यापर्यंत. जोतं जमिनीपासून अडीच फूट वर घेतलं. आमच्या पावसात पागोळीचं पाणी अंगणात आपटून भिंतीवर उडतं, आणि जुन्या घरांच्या भिंती नेमक्या त्याच उंचीला खराब झालेल्या दिसतात.

जोत्यावर आला सिमेंटचा खरा मानकरी, काँक्रीटचा पट्टा. सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा, सहा इंच जाड, आत चार सळ्या आणि रिंगा. दगडाच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला वरून दाब कितीही चालतो, पण भूकंपात ती बाजूला ओढली जाते आणि ओढ सोसायची ताकद तिच्यात नसते. कोपरे आधी उघडतात. हा पट्टा कोपरे बांधून ठेवतो. असाच पट्टा पुढे खिडक्या-दारांच्या डोक्यावर आणि भिंतींच्या माथ्यावर केला, आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या घेऊन त्यांच्याभोवती काँक्रीट भरलं. कॉलम असे घरात नाहीतच. इतक्या थोड्या काँक्रीटवर घराची मजबुती अवलंबून असेल तर ते नीट व्हायलाच हवं, आणि खेड्यात छोट्या कामाचं काँक्रीट बहुतेक वेळा हलगर्जीपणाने होतं. त्यामुळे या भागावर मी स्वतः उभी राहिले.

वाळूपासून सुरुवात केली. आमच्याकडे खाडीची वाळू सहज मिळते, पण तिच्यात मीठ असतं आणि मीठ सळीला आतून गंजवतं. गंज फुगतो, काँक्रीट फोडतो. किनाऱ्याजवळच्या कितीतरी इमारतींच्या गॅलऱ्यांखाली उघड्या पडलेल्या तांबड्या सळ्या दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. शिवाय खाड्या उपसून उपसून त्यांची काय दशा झाली आहे ती आम्ही बघतोच. आम्ही खडीच्या क्रशरवरची धुतलेली क्रश सॅण्ड घेतली. सिमेंट पीपीसी घेतलं, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेलं. राख जितकी जास्त तितकं क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजलेला सिमेंटचा मूळ माल, कमी, आणि खाऱ्या हवेतही हे सिमेंट सळीला जास्त जपतं. मात्र त्याची ताकद सावकाश येते, म्हणून पाणी मारण्यात कंजुषी चालत नाही. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला निदान १०. आम्ही पट्ट्यावर गोणपाटं अंथरून दोन आठवडे ती ओली ठेवली. सासूबाई सकाळ-संध्याकाळ स्वतः पाइप धरून उभ्या राहायच्या.

आणि मिश्रणातलं पाणी! माल सैल असला की पसरायला सोपा, म्हणून मजूर डबा ओततच राहतात. एका गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. त्याच्या वर गेलेला प्रत्येक लिटर पुढे वाळतो आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या सोडून जातो. मी मिक्सरपाशी खूण केलेली बादली ठेवली आणि गवंड्यांना सांगितलं, “दादा, माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर जास्त फिरवा, पाणी नको.” व्हायब्रेटर म्हणजे काँक्रीट थरथरवून घट्ट बसवणारं यंत्र. ते भाड्याने आणायचा खर्च तुम्ही वाचवणार असाल तर कृपा करून वाचवू नका. सळीखाली दगडाची कपची सरकवायची सवयही मोडायला लागली. आदल्या आठवड्यात सिमेंटचे छोटे ठोकळे पाडून घेतले होते, तेच सगळीकडे लावले. सळी काँक्रीटच्या पोटात नीट झाकलेली राहिली तरच तिचं आयुष्य आहे.

भिंतींबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे सगळं सरळ गेलं. चिरा पाच-सात किलोमीटरवरच्या खाणीतून आला. खाणीतून निघताना जांभा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, त्यामुळे ताजा चिरा लगेच लावण्यापेक्षा काही आठवडे रचून ठेवलेला बरा. भट्टी लागत नाही, भाजणं नाही. जोडाईला चुना आणि वाळू, त्यात थोडंसंच सिमेंट. चुना सावकाश धरतो, पण हवेतला कार्बन डाय ऑक्साइड परत घेत घेत कठीण होतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो.

खरी लढाई झाली ती माळ्याची. वीस फूट बाय पंधरा फुटांच्या ओटीवर वापरता येईल असा माळा हवा होता. सगळ्यांनी स्लॅबचाच हट्ट धरला. मी कागदावर हिशेब मांडून घरी दाखवला. ३०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास साडेतीन घनमीटर काँक्रीट, त्यात २७-२८ गोणी सिमेंट, पाव टनाच्या वर लोखंड, आणि डोक्यावर पावणेनऊ टन वजन. तेवढ्याच जागेचा कड्या-तक्त्यांचा माळा, म्हणजे आडव्या लाकडी कड्यांवर फळ्या ठोकलेला, दीड टनाच्या आत बसतो. भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात लागतो, म्हणून चिऱ्याच्या भिंतींवर हलकं काही ठेवणं हेच शहाणपणाचं. देशावरच्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कडीपाट होते, आणि आमच्याच वाडीत जुना लाकडी माळा अजून भात साठवतोय.

लाकडासाठी झाड तोडायचं नव्हतं. राजापूरकडे एक जुनं घर उतरवलं जात होतं, तिथून ऐनाच्या तुळया आणि सागाच्या कड्या विकत घेतल्या. तक्ते आमच्या परसातल्या फणसाचे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तो पडला होता. फणस अनुसूचित झाडांत येतो, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला असूनही वनखात्याची परवानगी काढूनच कापला. तक्ते मधे रिपा घालून, टोकांना रंग फासून, पडवीत रचून ठेवले होते. इंचभर जाडीला साधारण वर्षभर सुकवण लागते आणि आमचे तक्ते त्याहून बरेच जास्त मुरले होते. जुन्या लाकडाचा हाच मोठा फायदा की त्याला जे वाकायचं, तडकायचं होतं ते होऊन गेलेलं असतं. त्रास एकच, आत दडलेले खिळे. गिरणीचं पातं एका खिळ्याने जातं. आमचे मेस्त्री दोरीला लोहचुंबक बांधून प्रत्येक कडीवरून फिरवायचे, चिकटला तिथे खडूची खूण, मग खिळा उपसायचा आणि तेव्हाच कडी गिरणीत पाठवायची.

मांडणी अशी झाली. वीस फुटांच्या मधोमध एक तुळई, म्हणजे दहा-दहा फुटांचे दोन खण. पंधरा फूट लांबीची तुळई एकटीने हे पेलायला फार जाड लागली असती, म्हणून इंजिनिअरांनी तिच्या मध्यावर खांब दिला. तो दगडी तळखड्यावर उभा आहे, जमिनीतल्या ओलीपासून आणि वाळवीपासून वर. त्या खांबामुळे सहा इंच बाय नऊ इंचांची तुळई पुरली. काहींना ओटीत खांब नको असतो. मला तो आवडतो, आणि त्याने वाचवलेलं लाकूडही आवडतं.

कड्या सहा इंच बाय अडीच इंच, दीड-दीड फुटावर, अर्थात उभ्या. रुंदी तीच ठेवून कडीची उंची दुप्पट केली तर ताकद चौपट होते आणि त्याच वजनाखाली वाकणं आठव्या हिश्शावर येतं. म्हणून लाकूड वाचवायचं असेल तर ते रुंदीत वाचवावं, उंचीत नाही. मात्र उंच कडी कलंडू बघते. त्यासाठी दोन कड्यांच्या मधे लाकडाचे ठोकळे घट्ट बसवले. हे ठोकळे नसले की चालताना एकच कडी दबते आणि माळा हलतो. ठोकळे बसले की शेजारच्या कड्याही भार उचलतात. मेस्त्रींनी ठोकळ्यांच्या आधी आणि नंतर मला वर चालून दाखवायला सांगितलं. फरक पायाला स्पष्ट कळला.

कोकणात लाकडी माळा सहसा मधे मोडत नाही. तो भिंतीत शिरलेल्या टोकांपाशी कुजतो. गवंडी सवयीने कडीचं टोक मालात गच्च बसवतात, चिरा पावसाळाभर ओल धरतो आणि टोकाच्या उघड्या रेषांतून लाकूड ती शोषून घेतं. आम्ही टोकाखाली कडाप्प्याचा तुकडा ठेवला, टोकाला काजूच्या टरफलांचं तेल दोनदा पाजलं आणि टोकाभोवती व मागे बोटभर मोकळी जागा सोडली, हवा फिरेल इतकी. हे तेल आमच्याकडे जुन्या काळापासून वाळवीवर वापरतात. मात्र ते कातडी भाजतं, म्हणून रबरी हातमोजे घालूनच लावावं आणि हात लागेल अशा ठिकाणी लावूच नये. कड्या लोखंडी पट्ट्यांनी भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्याशी जखडल्या, कारण धक्क्यात कडी भिंतीतून सुटून आली तर माळाच खाली येतो.

तक्ते मे महिन्यात मारले. एकाच्या कडेला खाच, दुसऱ्याला जीभ. मे महिन्यात लाकूड कोरडं असतं आणि पावसात ते फुगणार, म्हणून मेस्त्रींनी तक्त्यांच्या मधे बारीक फट आणि भिंतीकडेने अर्धा इंच जागा सोडली, जी नंतर पट्टीखाली झाकली. सगळीकडे आधी भोक पाडून मगच स्क्रू. मृग लागायच्या आत कौलं चढली होती, त्यामुळे माळ्याला पावसाचा थेंब लागला नाही.

पहिल्या पावसाळ्यात तक्ते फुगून फटी मिटल्या, दिवाळीनंतर पुन्हा थोड्या उघडल्या. वर मुलं धावली की खाली आवाज येतो, तो येणारच. पाण्याचं काहीही माळ्यावर ठेवलं नाही. न्हाणीघर खाली, वेगळ्या पडवीत. पैशांचं विचाराल तर हा माळा स्लॅबपेक्षा स्वस्त पडला नाही. लोखंड-सिमेंटचे वाचलेले पैसे सुतारकामाच्या मजुरीत गेले. ती मजुरी वाडीतल्याच माणसांना मिळाली आणि मेस्त्रींच्या हाताखाली दोन तरुण पोरं हे काम शिकली, याचं मला मनापासून समाधान आहे.

दर वर्षी पाऊस सरल्यावर मी टॉर्च घेऊन कड्यांची टोकं बघते, टोचणीने टोचून. मऊ लागलं नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत निश्चिंत. असा माळा करणार असाल तर दोन कामं आधी करा. लाकूड घर बांधायच्या वर्षभर आधी शोधायला लागा, आणि कड्यांची मापं इंजिनिअरकडून लिहून घेऊनच गिरणीत जा.