चादरीतला बोर्ड

काकांनी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "हे घरच्या काँप्युटरला जोडून दे बघू." उलगडलं तर आत व्हिडिओ गेमच्या मशीनमधला सर्किट बोर्ड. अशोक चौकाजवळ पूर्वी त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. शाळा सुटली की आम्ही तिथंच पडीक.

"कुठला गेम, काका?"

"मुस्तफा की!"

कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. ते नाव आमच्यात कुणी घेतच नव्हतं, त्यातल्या एका गड्याच्या नावानंच तो सगळीकडे ओळखला जायचा. मी आधी बॅटरी शोधली. कंपनीच्या अस्सल बोर्डावर ती असते आणि संपली की बोर्डच बंद पडतो. इथं बॅटरीची जागाच नव्हती. म्हणजे बोर्ड नकली, आणि म्हणूनच आशा होती.

जोडणी जामा पद्धतीची, म्हणजे गेमचे बोर्ड मशीनला जोडायची ठरलेली रीत, १९८५पासून चालत आलेली, ५६ टोकांची. काँप्युटरच्या जुन्या सप्लायमधून ५ आणि १२ व्होल्ट दिले. चित्र थेट मॉनिटरवर येणार नव्हतं. बोर्ड सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा काढतो, साध्या व्हीजीए मॉनिटरला निदान ३१,५०० लागतात. मध्ये बोर्डाचं चित्र मॉनिटरला चालेल असं करून देणारा कन्व्हर्टर टाकला.

चालू केलं. रंगीत चौकोन आले, हलले, स्क्रीन काळी. परत चौकोन, परत काळी. तासभर मी चिपा दाबून बघत होतो. काका स्टुलावर बसून एक शब्द बोलले नाहीत. शेवटी मल्टीमीटर लावला. सप्लायच्या तोंडाशी ५.०५, बोर्डावर ४.६ व्होल्ट! बोर्डात काहीच दोष नव्हता, माझी वायर बारीक होती. तेवढ्या करंटला ती वाटेतच व्होल्टेज खात होती. ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या सगळ्या टोकांना जाड वायरी सोल्डर केल्या. आता बोर्डावर ४.९७.

गेमची सुरुवात स्वच्छ उमटली. कॉइनच्या टोकाची वायर ग्राउंडला टेकवली, नाणं टाकल्यासारखं क्रेडिट पडलं.

काका उठले. जुना जॉयस्टिक त्यांनी पिशवीतून आणलाच होता. स्टूल पुढं सरकवलं तर म्हणाले, "हे उभ्यानंच खेळायचं असतं." पहिली स्टेज एकदाही न मरता काढली. मी त्यांच्या अंगठ्याकडेच बघत होतो, स्क्रीनकडे माझं लक्षच नव्हतं.

जाताना म्हणाले, "तिसऱ्या प्लेयरचंही जोड. आम्ही तिघं भाऊ आहोत."

त्याचा कनेक्टर बोर्डावर वेगळा असतो. कुठली पिन कशाची, ते आज रात्री एकेक टेकवून शोधतो.