काचेतला हरिश्चंद्रगड, कामाची नोंद: कोकणकडा दिसायचा कसा

काचेच्या ठोकळ्याच्या आत लेझरने बारीक ठिपके पाडून हरिश्चंद्रगड, त्याच्या उभ्या कोकणकड्यासह, त्रिमित उभा करायचा आहे. ठोकळा के-९ या प्रकाशीय काचेचा, ६० × ६० × ४० मिमी. सगळ्या बाजूंनी ५ मिमी सोडले की कोरायला ५० × ५० × ३० मिमी जागा उरते. त्यात गडाभोवतीचा ५ × ५ किमी मुलूख बसवला आहे, म्हणजे प्रमाण १ : १,००,०००. माथा सुमारे १४०० मीटर उंच असला तरी कोकणातल्या पायथ्यापासून खऱ्या प्रमाणात तो जेमतेम १२-१३ मिमी भरतो. म्हणून उभी उंची दीडपट केली. काटेकोर मंडळींना हे खटकेल, पण त्याशिवाय काचेत गड उठून दिसत नाही.

उंचीचे आकडे एसआरटीएमचे, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून रडारने टिपलेले, दर ३० मीटरला एक. ठोकळ्यात हे अंतर ०.३ मिमी होते. लेझरचा ठिपका ०.०५ ते ०.१ मिमीचा, त्यामुळे मधल्या जागा गणिताने भराव्या लागतात. सरळ मार्ग म्हणजे ०.१ मिमीची चौकोनी जाळी: ५०० × ५००, अडीच लाख बिंदू. पठारावर ती छान दिसते आणि कड्यावर फसते. वरून पाहता ०.१ मिमी असलेले अंतर ८० अंशांच्या उतारावर, उतारालगत मोजले तर, जवळपास ०.५८ मिमी होते. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप, तो कडाच विरळ होऊन अंधारात जातो. शिवाय ठरावीक कोनातून जाळीच्या रांगा एकामागे एक येतात आणि पट्टे दिसतात.

उपाय म्हणजे आधी त्रिकोणांचा मेश (एकमेकांना जोडलेल्या त्रिकोणांचा पृष्ठभाग) करायचा आणि बिंदू पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर पसरायचे. मेशलॅब या सॉफ्टवेअरमधले पॉइसॉन-डिस्क सॅम्पलिंग (किमान अंतर राखून विखुरलेले बिंदू पाडणे) नेमके हेच करते. किमान अंतर ०.१ मिमी ठेवले. उजेड वाढवायला अंतर कमी करण्याचा मोह आवरावा. प्रत्येक ठिपका हा काचेतला बारीक स्फोट आहे, त्याभोवती सूक्ष्म तडे असतात. ठिपके फार जवळ आले की तडे एकमेकांना मिळतात आणि ठोकळा त्याच प्रतलात चिरतो. त्यापेक्षा कड्याच्या पृष्ठभागाच्या आत ०.३ मिमीवर दुसरा थर द्या, बिंदू थोडे सरकवून.

लेझर हिरवा, ५३२ नॅनोमीटर. ३ वॉट आणि सेकंदाला ३००० पल्स धरले तर एका पल्समध्ये १ मिलिज्यूल. ऊर्जा क्षुल्लक, पण ती ८ नॅनोसेकंदांत ओतली जाते, म्हणजे सव्वा लाख वॉट. काच हिरव्या प्रकाशाला पारदर्शक असते. फक्त नाभीपाशी, म्हणजे किरण एकवटतो त्या बिंदूपाशी, तीव्रता इतकी चढते की अनेक फोटॉन एकदम शोषले जातात आणि काच तेवढ्याच जागी फुटते.

खोलीचा हिशेब इथे सर्वाधिक चुकतो. के-९ चा अपवर्तनांक सुमारे १.५२, त्यामुळे लेझरचे हेड १ मिमी खाली आले की काचेतली नाभी १.५२ मिमी खाली जाते. २० मिमी खोलीसाठी हेड साधारण १३.२ मिमीच हलायला हवे. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये अपवर्तनांक भरला असेल तर फाइलमध्ये पुन्हा भागाकार करू नका, गड चेपतो. दोन्हीकडे विसरलात तर ताणला जातो. जॉबवर्कला डीएक्सएफ (बिंदूंची फाइल) देताना हे आधी विचारून घ्या.

क्रम नेहमी तळाकडून वर. वरचे ठिपके आधी पडले तर खालच्यांकडे जाणारा किरण त्यांच्यावर विखुरतो. वरचा पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाच्या ठशाखालचे ठिपके फिके पडतात आणि धुळीच्या कणामुळे पृष्ठभागाचा टवका उडू शकतो. ठोकळ्याखाली मॅट काळी पट्टी ठेवा, कारण सगळा प्रकाश काचेत जिरत नाही. चष्मा ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर दोन्हींसाठीचा हवा. हिरवा किरण १०६४ वरूनच दुप्पट वारंवारितेने मिळतो आणि मूळचा थोडा शिल्लक राहू शकतो.

खिडकीची साधी काच वापरायचा विचार सोडा. बुडबुडे, रेषा, हिरवट झाक.

राहिलेले काम कड्याच्या पोटाचे. कोकणकडा आत वळलेला आहे, आणि उंचीच्या नकाशात एका जागी एकच उंची असते, त्यामुळे त्यातून हा बाक निघणार नाही. त्यातच तीव्र उतारावर रडारची सावली पडते आणि तिथले आकडे दुसरीकडून भरलेले असतात. फोटो समोर ठेवून ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये तेवढा भाग हाताने आत ओढायचा, मग फक्त त्याच पट्ट्यात बिंदू नव्याने पाडायचे. जोडावर दोन संचांतले बिंदू ०.१ मिमीपेक्षा जवळ येतात, ते गाळल्याशिवाय फाइल मशीनला द्यायची नाही.