सेंट अ‍ॅनचा डोंगर आणि माझा एक आगाऊ प्रश्न

पोलंडमध्ये व्रोत्सवाफला नोकरीला येऊन दीड वर्ष झालं, आणि तेवढ्यात मी काय बघितलं तर ऑफिस, घर आणि इंडियन ग्रोसरीचं दुकान. मे महिन्यात इकडे १ आणि ३ तारखेला सुट्टी असते, मधली एक टाकली की झाला लाँग वीकेंड, याला हे लोक मायुफ्का म्हणतात आणि अख्खा देश बार्बेक्यू पेटवून बसतो. टीममधला एक जण म्हणाला ओपोलेकडे जा, तिकडे गावांच्या पाट्या पोलिश आणि जर्मन अशा दोन भाषांत आहेत. माझं आजोळ निपाणी. पाट्यांवरनं काय काय होतं हे मी लहानपणापासून बघतोय, त्यामुळे हे ऐकलं आणि तिकीटच काढलं.

ओपोलेला गाडी बदलून झ्जेशोवित्से नावाच्या स्टेशनवर उतरलो. इथं कोळशापासून कोक बनवायचा प्रचंड मोठा कारखाना आहे, त्यामुळे पहिलं दर्शन चिमण्यांचं. तिथनं डोंगरावरच्या गावाला बस होती म्हणे, पण सुट्टीच्या दिवसांचं टाइमटेबल वेगळं असतं हे मला स्टॉपवर पाऊण तास उभं राहिल्यावर कळलं. मग निघालो चालत. वाटेत झिरोवा गावात गाशिन सरदारांचा पडीक वाटणारा राजवाडा लागतो, हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणारे. दोन्हीकडे मोहरीची पिवळी शेतं, वर चढण, आणि मग ती पाटी. वर पोलिशमध्ये गुरा श्व्येन्तेय आन्नी, खाली जर्मनमध्ये झांक्ट आनाबेर्ग. दोन्हीचा अर्थ एकच, सेंट अ‍ॅनचा डोंगर. अक्षरं सारख्याच साइजची. मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं, कुणी काळं फासलेलं नव्हतं. या भागातल्या बऱ्याच पाट्यांवर मधल्या वर्षांत रंग फासलेला आहे, खास करून जर्मन नावावर. ही वाचली होती किंवा नवीन बसवली असेल.

गंमत म्हणजे आजची जर्मनीची बॉर्डर इथनं दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, पश्चिमेला आहे. पण १९२२ ते १९३९ पर्यंत ती पूर्वेला होती, ग्लिवित्से आणि कातोवित्सेच्या मधनं जायची, म्हणजे हे गाव तेव्हा जर्मनीत. त्याच्या आधी प्रशिया, त्याच्या आधी हाब्सबुर्ग, त्याच्या आधी बोहेमियाचे राजे. गाव तिथंच, डोंगरावर.

राहायला एका आजींच्या घरी खोली घेतली होती. सत्तरी पार केलेल्या, कंबरेला अ‍ॅप्रन, दारात उभ्या. सगळं गल्लीभर त्यांना ओमा म्हणत होतं (जर्मनमध्ये आजी, पण इकडच्या पोलिश बोलणाऱ्यांच्या तोंडीही तोच शब्द), म्हणून मीपण ओमाच म्हणायला लागलो. माझं पोलिश म्हणजे दूध-ब्रेड-तिकीट इतकंच. जर्मन मात्र पुण्यात माक्स म्युलर भवनात तीन लेव्हल केलेलं, सो मी जर्मन सुरू केलं आणि त्या एकदम खुलल्या. मग चहा पिता पिता मी तो प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. म्हणलं, ओमा, तुम्ही नक्की कोण? जर्मन की पोलिश?

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, हे मला आजपर्यंत फक्त बाहेरनं आलेल्या माणसांनी विचारलंय. आणि विषय बदलला, तुला बटाटे चालतात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर बघायला निघालो. उंची जेमतेम चारशे मीटर, आपल्याकडे याला टेकाड म्हणतील, पण आजूबाजूला सगळं सपाट असल्यामुळे लांबनं चर्च दिसत राहतं. हा विझलेला ज्वालामुखी आहे, साधारण २ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. चारी बाजूंनी पांढरा चुनखडीचा दगड आणि मधेच काळा बेसाल्ट वर आलेला. जुन्या खाणीत उतरून तो काळा पाषाण बघितला आणि उगीच घरी आल्यासारखं वाटलं, सह्याद्रीचाच भाऊ की. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे आपणच थोरले.

चर्चमधली मूर्ती मात्र अगदी बारकी निघाली. १५व्या शतकातली, लाकडी, ६६ सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटांच्या जरा वर. अ‍ॅनच्या हातात एकीकडे मुलगी मेरी आणि दुसरीकडे नातू येशू, म्हणजे तीन पिढ्या एकाच मूर्तीत, आजी धरून. अंगावर जरीचे झगे चढवलेले, आपल्या अंबाबाईला रोज साडी नेसवतात ना तसंच वाटलं बघताना. १६५५ मध्ये स्वीडिश सैन्याच्या भीतीनं पोलंडमधले फ्रान्सिस्कन साधू इथं पळून आले आणि राहिले. नंतर वर सांगितलेल्या गाशिन घराण्यानं १७०० ते १७०९ मध्ये डोंगरभर छोटी छोटी चॅपेल बांधून काढली, येशूच्या शेवटच्या वाटचालीतला एकेक प्रसंग एकेका चॅपेलमध्ये. लोक गटागटानं गाणी म्हणत ती चढतात, आणि पूर्वापार पोलिश गाणी पोलिशवाल्यांची, जर्मन गाणी जर्मनवाल्यांची, डोंगर तोच. त्या साधूंना प्रशियाच्या सरकारनं १८१० मध्ये हाकललं, मग ते १८५९ ला परत आले, बिस्मार्कच्या काळात १८७५ ला पुन्हा हाकललं, १८८७ ला पुन्हा परत. नाझींनी परत हाकललं. आत्ता जे साधू बाकावर बसून ऊन खात होते त्यांच्याकडे बघून मला वाटलं, यांनी बॅगा कधी पूर्ण उघडल्याच नसतील.

आता मेन गोष्ट, १९२१ ची.

पहिलं महायुद्ध जर्मनी हरली, पोलंड नवीन देश झाला आणि अप्पर सायलेशिया, म्हणजे हाच भाग, कुणाचा यावर भांडण लागलं, कारण इथं कोळसा आणि पोलाद. ठरलं की लोकांनाच विचारू. २० मार्च १९२१ ला मतदान झालं. जर्मनीला ७ लाखांवर मतं, पोलंडला पावणेपाच लाखांच्या वर, म्हणजे साधारण साठ-चाळीस. इथं जन्मून बाहेरगावी गेलेल्यांनाही मत होतं आणि ते रेल्वे भरभरून आले, बहुतेक सगळे जर्मनीच्या बाजूनं. पण तेवढ्यानं हिशोब पूर्ण होत नाही. १९१० च्या जनगणनेत इथल्या निम्म्याहून जास्त लोकांनी घरची भाषा पोलिश लिहिली होती. म्हणजे घरात पोलिश बोलणाऱ्या हजारो लोकांनी जर्मनीला मत दिलं. का, तर कुणाला पेन्शनची काळजी, कुणाला शेताची, कुणाला वाटलं पोलंडमध्ये पुन्हा लढाईला पाठवतील, आणि कुणी स्वतःला पोलिश समजतच नव्हतं, बोलत होता तेवढंच. हे मला कुठल्याही इतिहासाच्या बोर्डावर नीट लिहिलेलं सापडलं नाही, कारण दोन्ही बाजूंना ते अडचणीचं आहे.

पोलिश बाजूला निकाल आवडला नाही आणि जर्मनीला जास्त भाग जाणार अशी बातमी फुटली, तेव्हा २-३ मेच्या रात्री वोयचेख कोर्फान्तीच्या पुढारपणाखाली पोलिश बाजूचा तिसरा उठाव सुरू झाला. उठाववाल्यांनी हा डोंगर घेतला. २१ मेला जर्मन स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी, त्यात दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाची ओबरलांड नावाची तुकडी पुढे, तो लढून परत घेतला. शेवटी १९२२ मध्ये प्रदेश वाटला गेला, कारखानदारीचा मोठा भाग पोलंडला, हा डोंगर जर्मनीला. आणि त्यानंतर दोघांनाही हा डोंगर देवळापेक्षा रणभूमी म्हणून जास्त लागायला लागला.

गावाबाहेर चुनखडीच्या जुन्या खाणीत नाझींनी १९३४ ते ३६ मध्ये भलं मोठं खुलं थिएटर बांधलं, हजारो माणसं बसतील असं, भाषणं आणि मेळाव्यांसाठी. त्याच्या वरच्या कड्यावर १९३८ ला त्या स्वयंसेवकांचं किल्ल्यासारखं स्मारक. युद्धात इथंच ज्यू कैद्यांचा कॅम्प होता, त्यांना ऑटोबानच्या, म्हणजे जर्मन हायवेच्या कामाला जुंपलं होतं. आज डोंगराच्या पायथ्यानं ए-फोर हायवे जातो, वरनं त्याची घूं ऐकू येत राहते आणि मग ती नुसती ट्रॅफिकची घूं राहत नाही. १९४५ ला ते स्मारक सुरुंगानं उडवलं आणि बरोब्बर त्याच जागी १९५५ मध्ये उठावाचं पोलिश स्मारक उभं राहिलं, ग्रॅनाइटचं. केलं क्सावेरी दुनिकोव्स्की या शिल्पकारानं, जो स्वतः आउशविट्झच्या नाझी छळछावणीतनं वाचलेला. मी गेलो तेव्हा उठावाची तारीख नुकतीच उजाडायची होती, त्यामुळे पुष्पचक्रं, लाल-पांढऱ्या रिबिनी, मेणबत्त्या. खाली थिएटरच्या दगडी पायऱ्यांमधनं गवत उगवलेलं आणि दोन पोरं त्यावरनं सायकली उडवत होती. मला खरं सांगायचं तर ते स्मारक आवडलं नाही, त्या जागेला पुन्हा एकदा कुणीतरी ओरडून सांगतंय असं वाटत राहतं.

दुपारी जेवायला ओमांच्या घरी. बटाट्याचे पांढरे गोळे, क्लुस्की म्हणतात, आणि प्रत्येकाच्या मधोमध अंगठ्यानं दाबून केलेला खळगा. मला म्हणाल्या कर तू पण. पीठ गरम असतानाच दाबायचं नाहीतर कड फाटते, माझे पहिले चार फाटले, त्या म्हणाल्या फाटलेले आपण खायचे, पाहुण्यांना द्यायचे नाहीत, आणि मीच पाहुणा होतो. तो खळगा ग्रेव्ही साठायला. सोबत लाल कोबी आणि मांसाचा रोल, मी रोल सोडला. फोन आला की त्या हो म्हणायला पोलिश ताक न म्हणता या म्हणायच्या, जर्मनसारखं, आणि पुढचं वाक्य मात्र पोलिशच्या जवळचं काहीतरी. विचारलं ही कुठली भाषा, तर म्हणाल्या पो नाशिमू, म्हणजे आपल्यातलं. जुन्या काळी जर्मन साहेब लोक याला पाणचट पोलिश म्हणून हिणवायचे आणि पोलिश मास्तर जर्मन भेसळ म्हणून.

मी म्हणलं तुमचं जर्मन मात्र एकदम क्लिअर आहे, घरात बोलत असणार लहानपणी. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, चाळिशीनंतर शिकले, बव्हेरियात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेले तेव्हा.

मग हळूहळू सांगितलं. १९४५ नंतर पलीकडच्या सायलेशियातनं जर्मनांना हाकलून दिलं, पण इथल्या लोकांना सरकार म्हणालं तुम्ही मुळातले पोलिशच, फक्त जर्मन झालेले. कमिशनपुढे जाऊन तसं सिद्ध करायचं, कागद मिळाला की राहायचं. ओमांच्या आईनं कागद घेतला, गाय होती, म्हातारी सासू होती, कुठं जाणार. मग घरातली जर्मन अक्षरं पुसायची मोहीम, भिंतीवरची, ताटांवरची, थडग्यांवरचीसुद्धा. हान्सचा यान झाला. आणि ओपोलेकडे शाळेत जर्मन विषयच नव्हता, बाकी पोलंडमध्ये परदेशी भाषा म्हणून मिळायचा, इथं नाही, कारण इथं तो परदेशी नव्हता ना. आई रात्री झोपताना पोरांना जर्मन प्रार्थना कानात म्हणायची, तेवढंच. उलट आजीच्या वेळी, नाझी काळात, पोलिश बोललं की मार. त्याच काळात शेजारचं लेश्नित्स हे नावसुद्धा स्लाव्ह वाटतं म्हणून बदलून १९३६ ला बेर्गश्टाट केलं होतं.

त्यांचे मिस्टर मात्र गोरोल, म्हणजे बाहेरचे. त्यांचं कुटुंब १९४५ ला पूर्वेकडनं, आज युक्रेनमध्ये असलेल्या भागातनं, ट्रेननं इथं आणून टाकलेलं. मी लगेच वळिवडे कॅम्पचं सांगितलं, कोल्हापूरजवळ १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश लोक राहिले, तेही त्याच पूर्वेकडच्या भागातले, सायबेरियात नेऊन टाकलेले आणि इराणमार्गे आलेले. ओमांना हे नवीनच होतं. म्हणाल्या, बघ, त्यांना तुमचं ऊन मिळालं आणि माझ्याला मी.

४ जून १९८९ ला या डोंगरावर युद्धानंतरची पहिली अधिकृत जर्मन मिसा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) झाली, बिशप आल्फोन्स नोसोल यांच्यामुळे. त्याच दिवशी पोलंडमध्ये कम्युनिस्ट निवडणूक हरले, पण ओमांच्या आठवणीत त्या दिवसाची बातमी म्हणजे आईचं रडणं. त्या वर्षी जर्मनीचे चॅन्सलर हेल्मुट कोल इथं यायचे होते, पण १९२१ मुळे वाद नको म्हणून कार्यक्रम क्शिझोवा गावी नेला. ओमांना अजून राग आहे, केक करायचा ठरला होता म्हणे.

दोन भाषांच्या पाट्यांचा कायदा आला २००५ मध्ये. गावकीत अल्पसंख्याक किमान २० टक्के हवेत, नाहीतर गावकऱ्यांचा कौल घेऊन बहुमत हवं, आणि १९३३ ते ४५ मधली नाझींनी ठेवलेली नावं चालणार नाहीत, म्हणून आज पाटीवर लेश्नित्स आहे, बेर्गश्टाट नाही. ही अट मला जाम आवडली. २०२२ मध्ये सरकारनं जर्मन अल्पसंख्याकांच्या मुलांचे भाषेचे तास आठवड्याला तीनवरनं एकावर आणले, फक्त जर्मनचे, बाकीच्यांचे तसेच. २०२४ च्या सप्टेंबरपासून परत तीन. ओमांचा नातू त्या दोन वर्षांत सापडला. आता तो डच कंपनीत इंग्लिश बोलतो, त्यामुळे त्याला फरक पडला नाही, ओमांना पडला.

निघताना मला त्यांनी आपणहून सांगितलं. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा दोन ओळख लिहायची सोय होती. माणूस टॅब घेऊन आला, विचारलं काय लिहू. म्हणलं पहिल्या जागी सायलेशियन लिही, दुसऱ्या जागी जर्मन. तो म्हणाला आणि पोलिश? म्हणलं तिसरी जागा आहे का? नव्हती. मग राहिलं.

३ तारखेला संध्याकाळी बस नव्हतीच. ओमांनी भाच्याला फोन केला, या, या, या, असं तीनदा. तो पाच मिनिटांत आला, गाडीला जर्मन नंबरप्लेट, आरशाला सेंट अ‍ॅनचं छोटं लॉकेट लटकवलेलं, तोंडानं अखंड पो नाशिमू. हातात ओमांनी खसखशीचा कोलोच केक फॉइलमध्ये बांधून दिला होता, व्रोत्सवाफला जाऊन ऑफिसवाल्यांना द्यायचा म्हणून. ओपोलेला गाडी चाळीस मिनिटं लेट झाली आणि केक तिथंच संपला.