चौदा इंची मोहरी

साठच्या दशकातल्या लंडनचे फोटो पाहताना माझं लक्ष आधी कापडाकडे जातं. सोलापूरचा माणूस, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेला, दुसरं काय बघणार! मेरी क्वांटच्या किंग्ज रोडवरच्या दुकानात मिनीस्कर्ट, कार्नबी स्ट्रीटवर अंगाला चिकटलेल्या पँटी. सगळा थाट कमी कापडात. १९६६ साली ‘टाइम’ने मुखपृष्ठावर त्या शहराला ‘स्विंगिंग’ ठरवूनही टाकलं.

त्याच सुमारास आमच्याकडेही पँटची मोहरी आटली. अर्थात ही हवा लंडनची नव्हे, शम्मी कपूरची. पोरींनी कपाळावर साधना कट आणला तोही पडद्यावरूनच. नव्या पेठेत शिंप्याला वडील ‘सोळा इंच’ सांगून निघाले, की पोरगं सायकल वळवून परत यायचं. “मामा, चौदा करा.” पैसे बापाचे असले तरी गिऱ्हाईक पोरगं, हे मामांना पक्कं ठाऊक. ती पँट घालताना टाचेला वर्तमानपत्राचा कागद लावायचा, म्हणजे पाय सरकतो. काढताना मात्र धाकट्या भावाला हाक.

कपड्यांचं भांडण घरातल्या घरात मिटायचं. गाण्यांना आडवा आला तो रेडिओच, तिकडे आणि इकडेही. बीबीसीला रेकॉर्डी वाजवायला ठरावीक तासांचंच बंधन, म्हणून १९६४ला रेडिओ कॅरोलाइनने सागरी हद्दीबाहेर जहाज उभं करून गाण्यांचा सपाटा लावला. आपल्याकडे बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून फिल्मी गाणी गेली. मग १९५२लाच रेडिओ सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेतून, फिल्मी गाण्यांची बिनाका गीतमाला आली. लंडनच्या पोरांना जहाज, आम्हाला अख्खं बेट!

बुधवारी रात्री आठला हॉटेलात हाफ चहावर तासभर बसायची मुभा असे. खरखरीतून अमीन सयानी पायदान सांगायचे, कोणीतरी वहीत टिपायचं, आणि पहिला नंबर कोणाचा यावर मराठी, तेलुगू, कानडी अशी तिन्ही भाषांत जुंपायची.

ब्रिटिश सरकारने १९६७च्या ऑगस्टमध्ये कायद्याने त्या जहाजांच्या मुसक्या बांधल्या. दीड महिन्यात बीबीसीने रेडिओ वन काढलं आणि पहिला आवाज लावला तो जहाजावरूनच आलेल्या टोनी ब्लॅकबर्नचा! आकाशवाणीने १९५७लाच विविध भारती सुरू करून पडतं घेतलं होतं. तरी बुधवारी आठनंतर सिलोनवरचा काटा हलवायची हॉटेलमालकाचीही छाती नव्हती.