आमची वाटचाल : नऊ पिनांची केबल आणि ओहायोची ड्रॉइंगं

आमची फर्म नेमकं करते काय, हे एका दमात सांगायला मला कधी जमलं नाही. बँकेच्या फॉर्मवर ‘संगणक विक्री व सेवा’ असं लिहिलंय. आईला विचारलं तर ती म्हणते, ‘कंपन्यांमधले बिघडलेले कंप्युटर नीट करतो.’ आईचंच खरं मानायचं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांचे संगणक, नेटवर्क, प्रिंटर वर्षाच्या करारावर सांभाळणं हा आमचा अर्धा धंदा. उरलेला अर्धा म्हणजे अमेरिकेतल्या कंपन्यांची जुनी कागदी ड्रॉइंगं कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरवून देणं. दोन्हीकडे आम्ही दुसऱ्याने बाहेर काढलेलंच काम करतो. एक मालक गरवारे पॉइंटला चहाच्या टपरीवर भेटतो, दुसरा व्हिडिओ कॉलवर, एवढाच फरक. त्यामुळे आउटसोर्सिंगवर कोणी तावातावाने बोलायला लागलं, बाजूने असो की विरोधात, की मला मध्ये तोंड घालावंसं वाटतं. वाटचाल लिहायची निघालीच आहे, तर तेही उरकून घेतो.

सुरुवात २००१ सालची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत भाड्याचा गाळा आणि असेंबल पीसी. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर दुपारपर्यंत भाव काढत हिंडायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने माल घेऊन परत. हार्ड डिस्क वरच्या रॅकवर ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची, हा आमचा नियम. बंद डिस्कला कसारा घाटातल्या हिसक्यांनी काही होत नसतं, पण मांडीवरचं ते नाजूक खोकं बघून शेजारचे पासधारक थोडी जागा सरकून द्यायचे.

विक्रीत पैसा होता, पण तो दर महिन्याला आटत होता. पुढच्या गल्लीतला शंभर रुपये कमी घेतो म्हटलं की गिऱ्हाईक उठलंच. आम्हाला खरा हात दिला तो फुगलेल्या कपॅसिटरांनी. त्या काळात जगभर मदरबोर्ड एकाच दुखण्याने जात होते. प्रोसेसरच्या शेजारी उभे असलेले ते छोटे डबे, त्यांच्या आतलं रसायनच सदोष निघालं. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. दुखणं लागलं की डोकं फुगतं, मग खाचेतून तपकिरी रस बाहेर येतो आणि संगणक वाटेल तेव्हा अडकायला लागतो. बहुतेक दुकानदार ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ म्हणून मोकळे व्हायचे. आमच्याकडे सोल्डरिंग आयर्न होतं आणि हात बसलेला होता. १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे चांगले कपॅसिटर आणून बदलले की तोच बोर्ड आणखी चार-पाच वर्षं निमूट चालायचा. ही कीर्ती सातपूरला कशी पोचली माहीत नाही, पण एके दिवशी पपया नर्सरीकडचे एक वर्कशॉपवाले काका आले आणि म्हणाले, ‘तू बोर्ड करतोस ना? मग माझ्या मशीनची केबल बघ.’

त्या केबलने आमचा धंदा बदलला, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

जुन्या सीएनसी मशीनला, म्हणजे प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्राम देतात तो सिरीयल पोर्टमधून. संगणकाकडे नऊ पिना, मशीनकडे पंचवीस. त्यातल्या कामाच्या तारा तीनच: दोन नंबर दोनला, तीन नंबर तीनला आणि संगणकाकडची पाच नंबर मशीनकडे सातला. शिवाय मशीनच्या टोकाला चार-पाच एकमेकांना जोडायच्या आणि सहा-आठ-वीस एकमेकांना. मग दोन्हीकडची सेटिंग जुळवायची: वेग, पॅरिटी, स्टॉप बिट. फॅनक कंपनीच्या जुन्या कंट्रोलवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकावर, ८५ नंबरचा अलार्म आला की समजायचं सेटिंग जुळलेलं नाही. ८६ आला की केबल निघालीय किंवा टोकाचा एखादा जोड सुटलाय. ८७ म्हणजे मशीन ‘थांब थांब’ म्हणतंय आणि संगणक ऐकत नाहीये. हे तीन आकडे पाठ असलेला माणूस अंबडमध्ये उपाशी मरत नाही.

यात मला सगळ्यात आवडते ती मेमरीची गोष्ट. या मशीनच्या कॅटलॉगमध्ये मेमरी मीटरमध्ये लिहिलेली असते. ८० मीटर म्हणजे ३२ किलोबाइट. पूर्वी प्रोग्राम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर यायचा, तो हिशेब पट्टी गेली तरी राहिला. प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असतं, तेही त्या पट्टीचंच देणं. एवढ्याशा मेमरीत साच्याचा मोठा प्रोग्राम मावणार कुठून? म्हणून संगणक तो थोडा-थोडा पाजत राहतो आणि मशीन कापत राहतं. मध्येच संगणकाने अपडेटसाठी स्वतःला रीस्टार्ट केलं की टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, तसंच उभं. अशा वेळी कारखान्यातल्या सुपरवायझरकडून जी भाषा ऐकायला मिळते, ती इथे लिहिता येणार नाही.

आणखी एक गोष्ट नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. लॅपटॉप मशीनला जोडताना चार्जर काढायचा, बॅटरीवर काम करायचं. भिंतीतल्या प्लगची अर्थिंग आणि मशीनची अर्थिंग यांत फरक असला की तो करंट त्या बारीक केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. संगणकाचा गेला तर हजारात निभावतं. मशीनच्या बोर्डाचा गेला की मालक खुर्ची ओढून खालीच बसतो.

या कामामुळे गॅजेटांबद्दलची माझी मतं जुनाट झाली आहेत, हे मान्य. नवीन लॅपटॉप दिसायला कागदासारखे पातळ, पण रॅम बोर्डलाच चिकटवलेली, बॅटरी काढायची तर अख्खं पोट फाडा. मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो: स्वस्तातला नवा घेण्यापेक्षा कंपन्यांच्या लीजवरून परत आलेला जुना थिंकपॅड घ्या, एसएसडी टाका आणि पाच वर्षं विसरा. एसएसडीएवढा फरक गेल्या वीस वर्षांत दुसऱ्या कशानेच पडलेला नाही, प्रोसेसरच्या जाहिराती काहीही म्हणोत. २०११च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने पाण्यात गेले आणि हार्ड डिस्कचे भाव दुपटीवर गेले. एका नदीच्या पुराने आमचे ठरलेले करार तोट्यात काढले. तेव्हापासून आम्ही कराराच्या रकमेत सुटे भाग धरतच नाही.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला हसणाऱ्यांनी एकदा कारखान्याच्या गेटवर उभं राहावं. जीएसटीत मालाचं बिल तीन प्रतींत लागतं: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक आपली. कार्बनचा कागद लावला की एका कर्रकर्र आवाजात तिन्ही निघतात, रिबन स्वस्त, आणि लोखंडाच्या धुळीतही तो प्रिंटर कुरकुर करत नाही. म्हणजे कर्रकर्र करतो, कुरकुर करत नाही.

विंडोजचा विषय आमच्याकडे दर काही वर्षांनी पेटतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, पण मशीनचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं म्हणून ते संगणक अजून आहेत. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा आम्ही काय केलं, तर मशीनच्या संगणकांची नेटवर्कची वायर काढून टाकली. त्यावर लोक हसले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तैवानच्या टीएसएमसीसारख्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, नवीन मशीन न तपासता नेटवर्कला जोडल्यामुळे त्याच जातीचा व्हायरस पसरला आणि उत्पादन थांबलं. मग हसणं बंद झालं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ऑफिसातले संगणक बदलायला मी सांगतो, कारण बँकेचे व्यवहार तिथून होतात. मशीनशेजारच्या संगणकाला नेटच देत नाही. तो राहू दे जसा आहे तसा.

ड्रॉइंगचं काम आलं ते २००८-०९च्या मंदीत. गाड्यांची मागणी पडली, मोठ्या कंपन्यांनी ऑर्डरी रोखल्या, आणि त्यांना सुटे भाग देणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांनी सगळ्यात आधी आमचीच बिलं थकवली. हातात कॅड येणारी दोन पोरं होती, रिकामी बसली होती. इंटरनेटवर बोली लावून काम मिळायचं, तिथे उतरलो. पहिली दोन वर्षं त्या बाजाराने आमचं नाक घासून घेतलं. तासाला इतके डॉलर म्हटलं की खाली कोणीतरी निम्म्यात तयार. काही कामं तर अशी यायची की अमेरिकेतून एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडे, तिथून दुसऱ्या कंपनीकडे, तिथून आमच्याकडे. वाटेत प्रत्येकाने आपला वाटा काढलेला आणि मूळ प्रश्न विचारायला कोणालाच परवानगी नाही. एका मधल्या मंडळींनी तर सहा महिन्यांचे पैसे बुडवले. त्यानंतर थेट गिऱ्हाईक नसेल तर काम नाही, हे ठरवलं.

अमेरिकेतल्या ओहायोतली जी कंपनी टिकली, ती आम्ही स्वस्त म्हणून नाही, आम्ही प्रश्न विचारतो म्हणून टिकली. त्यांची ड्रॉइंगं पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, स्कॅन केलेली, घड्यांवर फाटलेली. आपल्याकडे पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या कोनातलं प्रक्षेपण शिकवतात. अमेरिकेत तिसऱ्या कोनातलं. उजव्या बाजूचं दृश्य आपल्याकडे डावीकडे काढतात, त्यांच्याकडे उजवीकडे. कोपऱ्यातलं शंकूचं छोटं चिन्ह न बघता मॉडेल केलं की सगळी भोकं उलट्या अंगाला जातात, आणि कागदावर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मग भोकांचे आकडे. ‘७ नंबर ड्रिल’ लिहिलेलं असतं. नवा मुलगा सात मिलिमीटर धरतो. ते असतं ०.२०१ इंच, म्हणजे जेमतेम ५.१ मिलिमीटर, पाव इंची वीस आट्यांच्या टॅपसाठीचं (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार). हे ओळखायला टॅप मारलेला माणूस लागतो, आणि नाशिकमध्ये तो मिळतो. सातपूरच्या आयटीआयतून निघालेली, चार वर्षं मशीनवर घालवलेली मुलं आम्ही कॅडला बसवतो. निव्वळ सॉफ्टवेअरचा क्लास केलेल्यांपेक्षा ती हळू असतात आणि बरोबर असतात.

उन्हाळ्यात आमचं घड्याळ त्यांच्या साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. आम्ही संध्याकाळी शंकांची यादी पाठवतो, ते सकाळी कॉफी पिताना उत्तरं देतात. ‘चोवीस तास काम चालतं’ वगैरे सांगतात तसं काही नसतं. शंका विचारली नाही तर चोवीस तासांत फक्त चूक मोठी होते.

म्हणून आउटसोर्सिंगवर माझं म्हणणं एवढंच: काम बाहेर द्या, समज बाहेर देऊ नका. ओहायोत अजून एक म्हातारे गृहस्थ आहेत ज्यांना तो भाग कुठे बसतो हे माहीत आहे, म्हणून आमचं जमतं. इकडे अंबडमध्ये उलटं चित्र दिसतं. मालक सगळं आमच्यावर सोपवतात: सर्व्हर, टॅली, कॅमेरे, सगळे पासवर्ड. एका कंपनीत आमच्या आधीच्या माणसाने भांडण झाल्यावर पासवर्ड दिलेच नाहीत; बॅकअप कोणत्या डिस्कवर आहे हे अख्ख्या ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. आता आम्ही करार करताना सगळे पासवर्ड बंद पाकिटात घालून मालकाच्या कपाटात ठेवायला लावतो आणि वर्षातून एकदा त्यांच्याच अकाउंटंट ताईंना बॅकअप परत उतरवून दाखवायला सांगतो. काही शेठ वैतागतात. ‘तुला पैसे कशाचे देतो मग?’ एक-दोघांनी पाकीट घेतलं, स्वस्तातला माणूस शोधला आणि गेले. जाऊ दे.

हल्ली विचारणा होते एआयची. मी वापरतो; पत्रं, कोटेशनं, छोट्या स्क्रिप्ट झकास होतात. परवा एका वर्कशॉपमधल्या पोराने त्यालाच मशीनचा प्रोग्राम लिहायला लावला. सगळं ठाकठीक, फक्त आकड्यांपुढची टिंबं गायब. जुन्या फॅनकवर बहुतेक ठिकाणी टिंब असलेलं X100. म्हणजे शंभर मिलिमीटर आणि टिंब नसलेलं X100 म्हणजे शंभर मायक्रॉन. मशीन लावून देणारा सेटर जुना होता, त्याने आधी हवेत चालवून बघितला. एआय हेही एक आउटसोर्सिंगच आहे, आणि तपासणारा माणूस घरात लागतोच.

सध्या आम्ही सात जण आहोत. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणले जातायत, फायबर तुटतं, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या आहेत, एक जमिनीखालून आणि एक हवेतून. ओहायोचं काम वाढतंय. अडचण इकडे आहे. यूएसबीवरून सिरीयल करणारे कन्व्हर्टर बाजारात ढिगाने मिळतात, निम्म्यांत चिप नकली, ड्रायव्हर अपडेट झाला की बंद. मशीनवर भरवसा ठेवावा असा मूळचाच नऊ पिनांचा पोर्ट असलेला लॅपटॉप आता शोधून सापडत नाही. कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर आणून द्या, भंगारवाल्यापेक्षा चांगला भाव देऊ. स्क्रीनवर रेघा असल्या तरी चालतील, बॅटरी मात्र जिवंत हवी.