खंड्याची फळी आणि जिप्सीचं पासिंग

"फाटलें सीट खंय?" आरटीओच्या इन्स्पेक्टरने विचारलं, म्हणजे मागची सीट कुठे, आणि मी, वय वर्षं बावन्न, वही घरी विसरलेल्या पोरासारखा म्हणालो, "माळ्यार."

माझी जिप्सी २००८ची. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२३मध्ये ती संपत होती. पुढच्या पाच वर्षांसाठी फॉर्म २५ भरायचा, विमा आणि पीयूसी जोडायची, फी भरून तपासणीची तारीख घ्यायची. फी ५,००० रुपये. २०२२च्या एप्रिलपर्यंत ती ६०० होती, हे आठवलं की अजून जीव जळतो. पण हे सगळं गोव्यात, डिचोलीतल्या घरी बसून तासाभरात झालं.

अडलं ते खंड्यापायी, म्हणजे आमच्या कुत्र्यापायी. हा आम्हाला केरीला अंजुणे धरणाच्या रस्त्यावर सापडला, तेव्हा मुठीएवढा होता. आता २४ किलो भरतो. जिप्सीच्या पत्र्यावर त्याचे पाय घसरायचे, त्यात उन्हाळ्यात पत्रा तापतो. म्हणून मी मागच्या समोरासमोरच्या दोन्ही सीट काढल्या, मरीन प्लायची फळी बसवली, वर काथ्याची चटई टाकली आणि फळीला एक कडी ठोकली. त्या कडीला खंड्याचा छातीचा पट्टा अडकवायचा. गळपट्टा अडकवू नका, चोर्ला घाटाच्या एका वळणावर ब्रेक मारला तर गळाच आवळला जाईल. नऊ वर्षं सुर्ल, बेळगाव, काब-द-राम असं आम्ही याच फळीवर फिरलो. परतल्यावर कानाच्या मागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे, हा नेम आहे.

आता आरसीत, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रात, जेवढ्या सीट लिहिल्या आहेत तेवढ्या गाडीत नसतील, तर तो बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. साहेब चूक बोलत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. बुलबार, म्हणजे पुढचा जाडजूड लोखंडी दांडा, मात्र मी आधीच काढून ठेवला होता, आणि त्या हुशारीवर खूश होतो. साहेबांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "सीट बसवून आणा," एवढंच.

माळ्यावरची एक सीट बरी होती, आईने तिच्यावर सोलांच्या बरण्या ठेवल्या होत्या. दुसरीच्या फोममध्ये उंदरांचे दोन-तीन पिढ्यांचे संसार. म्हापशात नवीन फोम आणि रेक्झीन चढवून घेतलं. बोल्टची भोकं चिखलाने आणि गंजाने बुजलेली. मेस्ताने, म्हणजे आमच्या मिस्त्रीने, अर्धा दिवस घालवून पुन्हा आटे पाडले. दुसऱ्या खेपेला छाती काढून गेलो. साहेबांनी सीट मोजल्या, मान हलवली आणि खाली वाकून म्हणाले, "चासी प्रिंट येत नाही." म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा कागदावर उमटत नव्हता.

माझा राग आहे तो इथे. पहिल्याच दिवशी खाली वाकले असते तर? दोन्ही कामं एकदम झाली असती, अर्ध्या दिवसाची रजा वाचली असती. बरं, तिसऱ्या खेपेला आणखी काय निघेल, हे विचारलं तर उत्तर आलं, "बघू या." हा "बघू या" मी पुढचे आठ दिवस उशाशी घेऊन झोपलो.

नंबर दिसत नव्हता याला कारण मीच. दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, गाडीखाली आडवा पडून मी स्वतः काळं गंजरोधक फासतो. पंधरा पावसांचे थर त्या आकड्यांवर बसले होते. मी ग्राइंडर मागितला तर मेस्त माझ्यावर ओरडला, "पात्रांव, आकडो गेल्यार गाडी चोरीची जातली!" मग रॉकेलचा बोळा, पितळी ब्रश, दोन संध्याकाळी. शेवटी कागद दाबून पेन्सिल फिरवली आणि आकडे एकेक करून उमटले. तो कागद मी बायकोला नेऊन दाखवला. तिने बरणी पुसता पुसता पाहिला. तुम्ही नंबरवर नुसतं ग्रीस लावा, पुसलं की झालं.

तारखेचं सांगायचं राहिलंच. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. मी बारा दिवस उरले तेव्हा जागा झालो आणि तिसऱ्या खेपेला हातात एकच दिवस होता. उशीर झाला तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये जास्तीचे.

त्या दिवशी घरी कोणी नव्हतं, म्हणून खंड्या बरोबर. नव्या रेक्झीनवर पसरला तो उतरेचना. "हो चाबता रे?" साहेबांनी लांबूनच विचारलं, चावतो का म्हणून. नाही म्हटलं. मग त्यांनी सीट मोजल्या, खंड्याकडे बोट करून तोही मोजला, प्रिंट जुळवून पाहिली, दिवे, हॉर्न, ब्रेक, आणि सही.

फळी आता माळ्यावर आहे, तिच्यावर आईने नारळ रचलेत. खंड्या रेक्झीनच्या सीटवर बसतो, कडी मेस्ताने सीटच्या पायाला लावून दिली. फक्त ओल्या अंगाने चढला की वास दोन दिवस जात नाही.