आत्याने चार वेळा नेलेलं पुस्तक

मी तालुक्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही जुन्या पुस्तकांचं निर्लेखन काढलं होतं, म्हणजे फाटलेली, वाळवी लागलेली, कालबाह्य झालेली पुस्तकं बाजूला काढायची, यादी करायची, हेडसरांची सही घ्यायची आणि दाखल रजिस्टरमधून ती कमी करायची. परतीचा पाऊस धो धो सुरू होता, आठवीचा पीटीचा तास वर्गातच अडकलेला, म्हणून गठ्ठे उचलायला तीच मुलं बोलावली.

एक मुलगी पुस्तकं पुसता पुसता मागच्या खिशातलं बुक कार्ड काढून वाचत बसली. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तरी जुन्या पुस्तकांत ती कार्डं अजून आहेत, नाव, इयत्ता, तारीख असे कॉलम असलेली. आणि एकदम ओरडलीच, "बाई, ही माझी आत्या आहे!" बघितलं तर खरंच, लग्नाआधीचं नाव, इयत्ता आठवी, १९९३, आणि तेच नाव त्याच कार्डावर चार वेळा. पुस्तक म्हणजे समुद्रसफरीची एक अनुवादित कादंबरी, जाडजूड, बारीक टाईप, शिवण सुटलेली. आमच्या यादीत ते आधीच चढलं होतं.

मग काय, सगळी पोरं कार्डांवर तुटून पडली. कुणाला काका सापडला, कुणाला शेजारच्या मेडिकलवाल्या दादाचं नाव, एकाला तर आमच्या गणिताच्या सरांचं सापडलं, सर याच शाळेचे विद्यार्थी. तास संपला तरी कुणी हलेना, पुढच्या तासाच्या मॅडम न्यायला आल्या त्याच गठ्ठ्यापाशी बसल्या, त्यांना त्यांच्या मैत्रिणीचं नाव शोधायचं होतं.

त्या मुलीने तोवर माझ्याकडून एकही पुस्तक नेलं नव्हतं. ते मात्र तिने मागितलं. "आत्याने चार वेळा का नेलं ते बघायचंय." मी चिकटपट्टी लावून दिलं.

दोन-तीन दिवसांनी उत्तर घेऊन आली. आत्याला फोन केला होता तिने. आत्या म्हणाली, तुझा बाप लहान होता, गोष्ट सांगितल्याशिवाय जेवायचा नाही, म्हणून मी रोज थोडी थोडी सांगायचे, आणि सात दिवसांत पुस्तक परत करावं लागायचं म्हणून पुन्हा पुन्हा नाव घालायचे. वडिलांना विचारलं तर त्यांना जहाज फुटतं तो भाग अजून पाठ! ते पुस्तक त्यांनी कधी हातात धरलेलं नव्हतं, फक्त ऐकलेलं. आता लेक वाचून दाखवते आणि ते मधेच पुढचं सांगून टाकतात म्हणून तिची तक्रार.

मला यातून एक गोष्ट अगदी पक्की वाटते, मुलांना "वाचा, वाचाल तर वाचाल" सांगून काही होत नाही, आपल्या ओळखीच्या कुणीतरी हे वाचलंय आणि त्याला ते आवडलं होतं एवढं कळलं की हात आपोआप जातो. १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी बहुतेक ठिकाणी भाषणं होतात. आम्ही यावेळी भाषण ठेवलं नाही. कपाटांची कुलपं काढली, व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या आणि पुस्तकं उघडी मांडली, ज्याला जे हवं ते घ्या, सारांश लिहून आणायचा नाही, प्रश्न विचारणार नाही. कुलपं का असतात ते मला माहितीये, पुस्तक हरवलं तर भरपाई आपल्याकडून घेतील ही भीती प्रत्येक ग्रंथपालाला असते, आणि ती खोटी नाही. पण कुलपातलं पुस्तक हरवत नाही तसं वाचलंही जात नाही.

निर्लेखन थांबवलं नाही हेही सांगते. प्लूटोला २००६ मध्ये ग्रहांच्या यादीतून काढलं, आमच्या पुस्तकात अजून नऊ ग्रह होते, ते गेलंच पाहिजे. वाळवीचंही गेलं. पण आता यादीत घालण्याआधी कार्ड बघते, जे खूप हातांतून गेलंय ते बाइंडिंगला पाठवते. नवीन पुस्तकांनाही कार्ड लावायला सुरुवात केलीये, कॉम्प्युटरवर नोंद असली तरी, आणि शेवटी एक कॉलम वाढवलाय, "कुणाला सांगाल?" पोरं तिथे मित्रांची नावं लिहितात आणि ते मित्र खरंच येतात.

त्या कादंबरीला सध्या वेटिंग आहे. आमची प्रत अजून एखादं वर्ष टिकेल, फार तर. दिवाळीनंतर पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकात दुसरी मिळते का बघणार आहे.